शेल्याखालची जागा

१४ सप्टेंबर १४४९, क्रुसाचा सण. रोक्काल्बा.

पोचलो एकदाचा, आणि चित्राच्या फळीला ओरखडासुद्धा नाही! सिएनाहून इथवर सगळी चढण, त्यात बैलगाडीचं एक चाक कुरकुरणारं. पण मी फळीखाली गवताच्या गाद्या घालून घेतल्या होत्या. गाडीवान सारखा पुटपुटत होता, की बायकोला बाळंतपणाला माहेरी सोडताना त्याने एवढा थाट केला नव्हता. मी म्हटलं, तुझ्या बायकोला सोन्याचा वर्ख लावलेला नव्हता. त्यावर त्याने वेस येईपर्यंत बैलांशीच गप्पा मारल्या.

दुपारी फळी चर्चमध्ये उभी केली. अजून तिच्यावर काही नाही, नुसता पांढरा लेप आणि भोवती सोनं. पण दार उघडलं, ऊन सरळ त्या सोन्यावर पडलं, तेव्हा बघायला जमलेली माणसं टाचा उंचावून पुढे सरली. एक म्हातारी तर खुदकन हसली. इतकी वर्षं हा धंदा करतोय, तरी त्या हसण्याने मी पोरासारखा खूश झालो. संत मार्टिनच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरात नवी वाइन चाखायच्या दिवसापर्यंत, चित्र पुरं करून द्यायचं आहे. होईल की.

राहायची खोली चर्चच्या मागेच, भिंतीला भिंत लावून. एक खिडकी, बाहेर उतारावर ऑलिव्हची झाडं; एक दार, ते थेट चर्चमध्ये उघडतं. पलंग दोन माणसांचा आहे. अर्ध्यावर मी कुंचल्यांची पिशवी आणि रंगांच्या पुड्या मांडून ठेवल्या, म्हणजे तो रिकामा दिसणार नाही. जेवण मोन्ना ताद्देआ आणून देते. ही चर्च झाडणारी विधवा, हाताने खरबरीत आणि जिभेने त्याहून. हरभऱ्याचं सूप पुढ्यात आदळून म्हणाली, सिएनाचे चित्रकार एवढे वाळके असतात होय? रंग चाटून जगता काय, मास्त्रो? सूप झकास होतं. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मी जेवतोय का ते बघत उभं होतं.

१९ सप्टेंबर

आज करुणामंडळाचा कारभारी सेर नूच्चो सगळ्यांना घेऊन आला. साथ आली की प्रेतं उचलायची, अनाथांना जेवू घालायचं, असली कामं करणारं हे मंडळ; वेदीमागचं हे चित्र त्यांनीच करायला सांगितलं आहे. चित्र साधं. मधोमध मरीयामाता उभी, कमानीला डोकं टेकेल एवढी मोठी. दोन्ही हातांनी तिने शेला पसरून धरलेला. वरून देव साथीचे बाण सोडतोय आणि ते शेल्यावर आपटून मोडताहेत. खाली गुडघे टेकून, हात जोडून, वर बघत बसलेलं सगळं गाव, एकेक माणूस वितीएवढं. एका हाताखाली पुरुष, दुसऱ्या हाताखाली बायका.

कोणी कुठे बसायचं यावरून जी काय जुंपली! गिरणीवाल्याची बायको लिप्पा म्हणाली, मी पुढे. पीठ नसेल तर प्रसादाची भाकर कुठली, पाद्री वेदीवर काय उचलणार? औषधवाल्याची बायको नूता म्हणाली, बस की पुढे, पण तुझ्यामागे बसलेल्यांना मरीयामाता दिसेल का, याचा विचार कर. लिप्पा अंगाने भरलेली आहे. शेवटी दोघींना शेजारी शेजारी पुढे बसवायचं ठरलं, मध्ये थोडी जागा सोडून. सेर नूच्चोने मला हळूच बाजूला घेतलं आणि विचारलं, की त्याच्या नाकावरचा मस मरीयामातेला खटकेल का. मी म्हटलं, तिला नाही खटकणार, पण मी तो रंगवायला विसरून जाईन. त्याने माझा हात दाबला.

पाद्री उबाल्दोने मात्र एक गोष्ट बजावली. शेला बाहेरून निळा, कारण ते आभाळ. आतून लाल, कारण ते आईचं पोट. शेल्याखाली बसलेला माणूस तिच्या पोटात असतो, म्हणून बाण त्याला लागत नाही. तेव्हा तिथे जिवंत माणसंच हवीत. मेलेल्यांसाठी खालची अरुंद पट्टी आहे, तिथे ते शवपेटीत झोपलेले दाखवायचे. आईच्या पोटात मेलेलं घालू नकोस, म्हणाला. मी म्हटलं, फादर, हे मला धंद्यात पडल्या पडल्या शिकवलंय.

२९ सप्टेंबर, संत मिखाएल

चेहरे सुरू झाले. रोज कोणी ना कोणी समोर येऊन बसतं, अंग चोरून, इस्टरला घालायचे कपडे घालून. आधी सगळ्या चेहऱ्यांवर हिरवी माती. ती वाळली की वरून गुलाबी, पांढऱ्यात हिंगूळ मिसळून केलेला, अंड्याच्या बलकात कालवून. हिरवा आतून जरासा दिसत राहतो आणि कातडी जिवंत वाटते. तरुण चेहऱ्यांना शहरी कोंबडीचा फिकट बलक लागतो, म्हाताऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचा तांबूस. इथे सगळ्या कोंबड्या खेडवळ, त्यामुळे रोक्काल्ब्याच्या पोरी उन्हात रापलेल्या दिसणार. त्याला माझा इलाज नाही. ताद्देआ रोज ओच्यातून अंडी आणते आणि कुरकुरते, की मरीयामाईच्या घशात एवढी अंडी गेली तर गावाने काय खायचं.

मेलेल्यांना गुलाबी लावत नाहीत. खालच्या पट्टीतल्या चेहऱ्यांवर हिरव्यावरून नुसता पांढुरका हात फिरवायचा, बस. कोणी कागदावर लिहून दिलेलं नाही, पण हा नियम मोडणारा चित्रकार मी पाहिलेला नाही.

ताद्देआचं नाव यादीत नव्हतं. झाडूवाली कशाला, म्हणे. मी तिला बायकांच्या दुसऱ्या रांगेत बसवून टाकली, पुढच्या मोकळ्या जागेच्या अगदी मागे. सेर नूच्चो कुरकुरला, तेव्हा म्हटलं, मागे कोणी नसलं की शेला पोकळ दिसतो. ताद्देआने येऊन बघितलं आणि म्हणाली, नाक काही एवढं मोठं नाही माझं. दुसऱ्या दिवशी सुपात डुकराच्या मांसाचा चांगला मोठा तुकडा होता.

५ ऑक्टोबर

लिप्पा आणि नूता यांच्या मधली जागा सेर नूच्चोच्या पुतणीची होती. ती खालच्या गावाहून यायची होती. पण दरीत साथ लागल्याची बातमी आली आणि गावाने वेशीचं दार लावून घेतलं. आता कोणी आत येत नाही, बाहेर जात नाही. सेर नूच्चो म्हणाला, कोणीही मुलगी बसवून टाका मास्त्रो, जागा भरल्याशी कारण.

कोणीही मुलगी.

माझी पोर वान्ना, तीन वर्षांपूर्वीच्या साथीत सहा वर्षांची होती. मी आरेत्सोला छत रंगवत होतो. परत आलो तेव्हा घराला फळ्या ठोकलेल्या होत्या आणि ती आणि तिची आई चुन्याखाली गेलेल्या होत्या, इतरांबरोबर, एकाच खड्ड्यात. मला काही दाखवलं नाही कोणी. म्हणून मेलेली वान्ना मला आठवतच नाही. आठवते ती पुढचा दात पडलेली, त्या फटीतून जीभ काढून दाखवणारी. या पलंगाच्या रिकाम्या बाजूला पुड्या कितीही मांडल्या तरी मला कळतं की तिथे कोण नाही. आज चर्चमध्ये बसून मी कोळशाने त्या जागेत एक डोकं काढलं, आणि ते तिचंच निघालं. पुसायला हवं होतं.

८ ऑक्टोबर

पुसलं नाही. हिरवी माती चढवली. छोटे हात जोडलेले, एकाच रेषेत काढले, बोटं वेगवेगळी करत बसलो नाही. झगा जमिनीपर्यंत, त्यामुळे पावलं काढायचा प्रश्न नाही. ओठ मिटलेले, नाहीतर पडलेला दात दाखवावा लागला असता आणि लोक हसले असते.

मग तिच्यापुढे बसून राहिलो. हिरवी ठेवली तर नियम पाळला जातो. पण जिवंतांच्या गर्दीत एकटीच हिरवी, दोन बाजूंना दोन बायका गालांवर लाली मिरवत बसलेल्या, आणि माझी पोर मध्ये तशी. नाही बघवलं.

लावला गुलाबी. दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर थोडा. असा काही आनंद झाला मला, की हसत हसत रडलो. ताद्देआ झाडायला आली होती, तिने विचारलं काय झालं. म्हटलं, हिंगूळ डोळ्यांत गेला.

१२ ऑक्टोबर

गंमत अशी, की सगळ्यांना ती आपली वाटते. नूच्चो म्हणतो, पुतणीच हुबेहूब. पाद्री म्हणतो, सुताराची धाकटी ना? मी मान हलवतो.

लिप्पा मात्र कंबरेवर हात ठेवून भांडायला आली. चित्रात तिचा चेहरा फिका पडलाय आणि शेजारच्या पोरीचे गाल मात्र सफरचंदासारखे. नूताकडून काही खाल्लंत का, मास्त्रो? गावभर मी कावीळ झाल्यासारखी दिसायची? जवळ जाऊन बघितलं. खरंच, गुलाबी विरलाय, खालचा हिरवा वर आलाय. असं वीस-तीस वर्षांनी होतं, चार दिवसांत नाही. बलक नासका असेल. पुन्हा गुलाबी चढवून दिला आणि तिची समजूत काढली.

१५ ऑक्टोबर

लिप्पाचा गुलाबी पुन्हा गेला. सकाळी लावलेला दुपारी नाही. खरवडलाय म्हणावं तर ओरखडा नाही. फळीने पिऊन टाकल्यासारखा.

वान्नाच्या गालांवर मी लावला होता त्यापेक्षा जास्त गुलाबी आहे. मी माझा हात ओळखतो. वरचा थर माझ्या हातचा नाही.

लिप्पाला ताप आहे, असं ताद्देआने सांगितलं.

१८ ऑक्टोबर, संत लूक

आज आमच्या चित्रकारांच्या संताचा सण. सिएनात या दिवशी आम्ही सगळे मेणबत्त्या घेऊन निघतो आणि नंतर दारू पिऊन एकमेकांच्या चित्रांची टिंगल करतो. इथे मी एकटा. एक मेणबत्ती लावली आणि टिंगल करायला कोणी नाही म्हणून स्वतःचीच केली.

लिप्पा गेली. काखेत गाठ आली होती. वेशीचं दार बंद असून साथ आत कशी आली, यावर गावात भांडणं चालू आहेत. सेर नूच्चो दुरूनच ओरडून बोलला, की बाहेरून शेवटचा आलेला माणूस मी आहे. मी म्हटलं, मला येऊन महिना झाला, मला गाठ कुठाय? तो तोंडावर फडका धरून निघून गेला.

चित्रातली लिप्पा पूर्ण हिरवी आहे. आता तिला गुलाबी लावायचा नाही. तो नियम आहे.

२१ ऑक्टोबर

नूता. दोन दिवसांत. आधी चित्रात, मग घरात.

गावकऱ्यांनी चर्चचं मोठं दार बाहेरून अडसर घालून बंद केलं. मी आतच. खायचं ताद्देआ खिडकीतून देते. तिला कोणी अडवलं तर ती शिव्या देते आणि लोक बाजूला होतात. आज खिडकीशी बराच वेळ उभी होती. म्हणाली, एकटं बोलत असता का हो तुम्ही आतमध्ये? बोलणं ऐकू येतं मला. मी म्हटलं, नाही.

मी बोलत नव्हतो.

२४ ऑक्टोबर

दुपारी, सगळं गाव निजलेलं असताना, चर्चमध्ये आवाज येतो. फरशीवरून काहीतरी सरकतं. थांबतं. सरकतं. उंदीर नाही. पावलं नाहीत. लहानपणी नवस फेडायला आई गुडघ्यांवर वेदीपर्यंत जायची, तो आवाज.

खोलीचं दार उघडलं तर चर्चमध्ये कोणी नाही. वरच्या झरोक्यातून ऊन सोन्यावर पडलेलं. वान्नाची जागा —

नको. बलकातला रंग पुसटसा दिसतो कधी कधी उन्हात. तसंच असेल.

२५ ऑक्टोबर

जागा रिकामी होती. नुसता पांढरा लेप, तिच्या आकाराचा.

आणि ती खोलीच्या दारात होती. वितीएवढी नाही, तिच्या खऱ्या उंचीची, गुडघ्यांवर. हात जोडलेले. वर बघत. माझ्याकडे.

बाबा म्हणाली. ओठ न उघडता.

घाबरलो असं लिहायला हवं. घाबरलोच. भिंतीला चिकटलो, मरीयामातेचं नाव घेतलं. पण लगेच, त्याच क्षणी, पलंगावरच्या पुड्या बाजूला सारल्या. जागा केली. हे दोन्ही एकाच वेळी झालं.

२७ ऑक्टोबर

रोज दुपारी येते. ऊन असतं तोवर. तिची सावली पडत नाही. सोन्यात सावली दाखवत नाहीत, मीच नव्हती दाखवली. पलंगाशी येऊन थांबते. मी तिला सगळं सांगतो, आरेत्सोचं छत, तिच्या आईचं, रस्त्यातला गाडीवान. ती ऐकते. तीन वर्षांत मी एवढा बोललो नव्हतो.

जाताना तोंड माझ्याकडेच ठेवून मागे मागे सरकत जाते. पाठ करत नाही कधी. आज मी पटकन उठून मागे गेलो.

पाठ नाही. पॉपलरच्या लाकडाची फळी. सुताराच्या रंध्याच्या खुणा. किड्यांनी पाडलेली भोकं. एक खिळा.

मी पाठ रंगवली नव्हती ना.

२८ ऑक्टोबर

जवळ घ्यायला गेलो. कपाळावरून हात फिरवला, खांदे धरले. गार, आणि जड. तिला मिठी मारायची आहे, हे मला कळतं, खांदे हलतात तिचे. पण हात सुटत नाहीत. एकाच रेषेत काढलेत मी. बोटं वेगळी केली नव्हती.

बाबा, हात सोडव, म्हणते. एवढंच म्हणते. पुन्हा पुन्हा.

३० ऑक्टोबर

दुसऱ्या रांगेतली ताद्देआ. डावा गाल. हिरवा.

उजव्या गालाची लाली अजून आहे. मी गुलाबी लावला. फळीने लगेच पिऊन टाकला.

खिडकीतून सांगितलं तिला. सगळं सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही. मोठ्या दाराचा अडसर काढून आत आली, चित्रापुढे उभी राहिली, आपला चेहरा बघितला, मग वान्नाचा. बराच वेळ बघितला. म्हणाली, गोड आहे हो पोर. मग म्हणाली, खरवडा तिला, मास्त्रो. तुमचं लेकरू एकदा मेलंय, ते पुन्हा मरणार नाही. मी मरेन.

उद्या खरवडतो म्हटलं.

उद्या का, असं विचारून ती गेली.

३१ ऑक्टोबर

चाकू धरला. झग्याच्या काठापासून सुरुवात करावी म्हटलं, चेहरा शेवटी. काठ थोडा खरवडला. फळीतून वान्ना ओरडली. ओठ मिटलेले असताना माणूस ओरडतं कसं, ते —

चाकू ठेवला.

ताद्देआ आली होती. अंग तापलंय तिचं. शिव्या नाही दिल्या. हे वाईट लक्षण. सूप आणलं होतं. सूप आणलं होतं तिने, मला.

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण

ठरवलं. एकदाच. एकदा तिने मला मिठी मारावी, आणि मग लगेच खरवडायचं. ताद्देआला अजून वेळ आहे, उजवा गाल आहे तिचा. एकदाच.

जुने हात पुसले. नवे काढले, पसरलेले, बोटं सगळी वेगळी. नखंसुद्धा. शेवटचं अंडं होतं. माझा हात इतका चांगला कधी चालला नव्हता. सिएनातल्या कोणी बघितलं असतं तर —

बलकातला रंग वाळायला वेळ लागत नाही. लावेपर्यंत वाळतो. उद्या दुपारी.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

आली. हात उघडे. माझ्या गळ्याभोवती घातले.

सगळं आठवलं एकदम, तिच्या केसांचा वास सोडून. अंड्याचा वास येतो.

मग म्हटलं, बस झालं राजा, सोड आता. सोडत नाही. सोडता येत नाही तिला. चित्रातली मिठी कधी कोणी सोडते का? हे मला कळायला हवं होतं. मलाच.

वेदीपर्यंत तिला घेऊन रांगत आलो. फळीला टेकून बसलोय. माझ्या खांद्यामागेच तिची जागा आहे. चाकू हाताला लागत नाही. मला वाकता येत नाही.

ताद्देआ आली. भिंत धरत. चाकू तिच्या हातात आहे. तिला ही दिसत नाही, मी एकटाच मान वाकडी करून बसलेला दिसतोय. म्हणते, बाजूला व्हा, मास्त्रो.

मी लिहितोय, म्हणजे ताद्देआकडे बघावं लागत नाही.

ती खाली बसली. उभं राहवत नाही. दम लागलाय. सरका हो थोडे, म्हणते. मी ढकलू शकत नाही तुम्हाला, ताकद नाही. एवढंच करा. सरका.

वान्नाचा गाल माझ्या गालाला लागलाय. आतापर्यंत गार होता. आता कोमट आहे. गरम होतोय. खरा गाल. माझ्या पोरीचा —

ताद्देआ म्हणते, मास्त्रो.

सरकायचंच तर आहे. हातभर. सरकतो, म्हटलं तिला. सरकतो, मोन्ना ताद्देआ, जरा थांबा. एवढी ओळ पुरी झाली की लगेच. एवढी एकच ओळ, मग मी